गच्चीवरचा जुनिपर

२३ फेब्रुवारी

आज झाड आणलं. कुणाला विचारलं नाही.

सकाळी हरिओम आणि मी संभाजीनगरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो होतो. डिसेंबरात दुसऱ्यांदा गेलेले दिवस टिकले नाहीत, त्यानंतरची ही तपासणी. बाई म्हणाल्या, दोघांतही दोष नाही, काही महिने थांबा, मन दुसरीकडं गुंतवा. हरिओमनं मान डोलावली. मन म्हणजे काय म्हैस आहे, या खुंट्याची सोडून त्या खुंट्याला बांधायला?

येताना रस्त्यावरच्या एका नर्सरीपुढं मी गाडी थांबवायला लावली. गुलाब, शेवंती, जेड बघत बघत मागं गेले तर एका कोपऱ्यात हे दिसलं. वीतभर उंच, खोड एका अंगाला कललेलं, पानं सुईसारखी बारीक आणि गर्द हिरवी, खोडाभोवती पांढरे खडे. नर्सरीवाला म्हणाला, "जुनिपर आहे मॅडम. बोन्साय. थंड मुलखातलं झाड, जालन्याच्या उन्हात टिकणं मुश्किल आहे. नवीन माणसानं जेड न्यावं."

मुश्किल म्हणाला म्हणून तेच घेतलं.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुंडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "हे मोठं कधी होईल?"

"होत न्हाई. एवढंच राह्यतं."

"मंग कशाला आणलं?"

मी टीव्हीशेजारी जागा करून ते ठेवलं आणि कणीक भिजवायला गेले.

९ मार्च

गिरिजाकाकू आल्या होत्या. आत्याबाईंच्या थोरल्या जाऊ. लग्न, बारसं, मयत, सगळ्यांत त्यांचा शब्द शेवटचा. आज माझ्या नणंदेच्या, रेणूच्या डोहाळजेवणाचं ठरवायला आल्या. रेणूचं हे पहिलंच. मे महिन्यात इथं माहेरी करायचं, आमच्या गच्चीवर मांडव घालून.

चहा पिता पिता त्यांची नजर झाडावर गेली.

"हे खुजं झाड कुणी आणलं?"

"मी," मी म्हणाले.

"घरात असं झाड ठेवत न्हाईत साधना. घराची वाढ थांबती. अन् तुझ्या बाबतीत तर बिलकुल नको."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "बराबर आहे जाऊबाई. मी पण तेच म्हणत होते."

म्हणत होत्या म्हणे. ठीक आहे. झाड आता कुठंच जात नाही.

२७ मार्च

आतल्या बाजूची पानं तांबूस पडली आहेत. बोट लावलं की गळतात.

दुपारी ऑफिसात जेवताना फोनवर वाचलं. एका ठिकाणी लिहिलंय की आतली जुनी पानं ऊन न मिळाल्यानं वाळतात, ते नेहमीचंच. दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय की जुनिपर घरात ठेवणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. त्याला उघडी हवा लागते, ऊन लागतं. मी महिनाभर त्याला टीव्हीशेजारी बसवून मालिका दाखवत होते.

संध्याकाळी गच्चीवर नेलं. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी टाकीची सावली पडेल अशी जागा काढली. वर हिरवी जाळी बांधली. पाणी रोज सकाळी, तेही कडेच्या मातीत बोट खुपसून ती कोरडी लागली तरच.

हरिओम जाळी बांधायला आला. गाठी पक्क्या मारल्या. लगेच खाली गेला. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर दिवसभर हिशेब करून तो दमलेला असतो.

४ एप्रिल

बियाणं कंपनीत एप्रिल-मे म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. माझं काम डिस्पॅचचं. कपाशीचं बियाणं गावोगावच्या दुकानांत पेरणीच्या आधी पोचलं पाहिजे. सकाळी निघते ती दिवेलागणीला परत.

घरी आत्याबाई एकट्याच. मामा, म्हणजे सासरे, गावाकडं शेतावर असतात. आत्याबाईंनी गच्चीवर कुरडया, पापडांचं वाळवण काढलंय. दिवसातून कितीतरी खेपा वर होतात. आज मी गेले तर कठड्यावर त्यांचा पितळी तांब्या आणि झाडाजवळची फरशी ओली. वाळवणाचे हात धुतले असतील. मी तांब्या खाली आणून ठेवला.

झाडाची शेंड्याकडची पानं फिकी दिसतात. उजेडाचा भास असेल.

१० एप्रिल

भास नाही. डावी फांदी पूर्ण पिवळट झाली आहे, टोकं तपकिरी.

आज वाचलेली परीक्षा करून पाहिली. जुनिपरला लाल कोळी लागतो, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची आणि कागदावर ठिपके चालताना दिसतात का ते पाहायचं. मी टिचक्या मारल्या. धूळ पडली, दोन वाळकी पानं पडली. चाललं काहीच नाही. भिंगातून पण पाहिलं.

आत्याबाई कुरडया उलथत होत्या. "काय शोधून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"किडा."

"सापडला?"

"न्हाई."

"मंग कामून वाळून राह्यलं?"

एवढी चौकशी कशासाठी ते मला कळतं. गिरिजाकाकूंना बातमी द्यायला.

१३ एप्रिल

बोन्सायवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फोटो टाकला. पुण्याच्या एका गृहस्थांनी, प्रितम नाव त्यांचं, उत्तर दिलं: "ताई, माती फार ओली दिसते. पाणी जास्त होतंय. मुळं सडली की पानं अशीच वाळतात. जुनिपर उशिरा सांगतो. आज जे तपकिरी दिसतंय ते महिन्यापूर्वी झालेलं असतं."

मला राग आला. रोज सकाळी बोट खुपसून बघते ती मी. गेल्या आठवड्यात तर दोन-तीन दिवस पाणी घातलंच नाही, माती ओलीच होती म्हणून. मी लिहिलं की पाणी माझ्याच हातानं घातलं जातं आणि मोजून घातलं जातं, दुसरं काही कारण असेल तर सांगा. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पुण्याच्या माणसाला जालन्याचं ऊन काय माहीत. या उन्हात माती ओली राहते कशी, हे आधी मला कुणीतरी सांगा.

१६ एप्रिल

चतुर्थी. आत्याबाई शेजारणींसोबत राजूरला गणपतीला जाऊन आल्या. दिवसभर उन्हात रांगेत उभ्या होत्या. आल्या त्या पाणी न पिता सरळ गच्चीवर गेल्या. मी म्हटलं, वाळवण मी काढलंय. त्या म्हणाल्या, "असू दे, बघून येते."

खाली आल्या तेव्हा नाराज दिसल्या. मला प्रसाद दिला आणि डोक्यावर क्षणभर हात ठेवला. उन्हानं हात गरम होता.

२४ एप्रिल

आज हरिओमशी भांडण झालं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

तो म्हणाला, "कार्यक्रम होईपर्यंत झाड माझ्या दोस्ताकडं ठेवू. काकू फोन करून करून राह्यल्या. वाळलेलं झाड घरात अन् रेणूचं डोहाळजेवण, बरं दिसत न्हाई."

"कुणाला बरं दिसत न्हाई?"

"लोकांना."

"तुला?"

त्यानं गॅस बंद केला. म्हणाला, "मला काय, मला झाडाचं काही न्हाई. पण तू एवढी जिद्द कामून करून राह्यली? एक झाड तर आहे."

मी म्हटलं, दोनदा माझ्या पोटातून गेलं तेव्हाही तू हेच म्हणालास. पुन्हा होईल, एवढं काय. आता हे माझ्यासमोर वाळतंय आणि याचं तरी कारण मी शोधणार. डॉक्टरांना सापडलं नाही, देवाला माहीत नाही, निदान याचं मला कळलं पाहिजे.

तो बराच वेळ ओट्यावर सांडलेलं दूध पुसत राहिला. आधीच पुसून झालं होतं तरी. मनावर घेत नाही तो काही, हे एक बरं आहे.

२ मे

इतके दिवस ज्याची भीती नव्हती ते मनात आलं आणि आता जात नाही. आत्याबाई झाडाला काही घालतात का?

त्या एकट्याच दिवसभर घरी असतात. तांब्या पुन्हा पुन्हा गच्चीवर सापडतो. काल वर गेले तर त्या झाडाजवळून झटकन बाजूला झाल्या आणि कपडे वाळले का बघतेय असं दाखवत दोरी चाचपू लागल्या. कपडे मी सकाळीच काढले होते. मिठाचं पाणी घातलं तर असंच तपकिरी पडतं, असं वाचलंय.

आज मी ती माती जिभेवर ठेवून पाहिली. खारट नाही. कुजकी आणि गार लागली. चूळ भरली तरी चव गेली नाही.

झाडाच्या सालीवर नखानं ओरखडाही काढून पाहिला. साल निघून आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. डावी फांदी आत तपकिरी, गेली. शेंडा गेला. उजवीकडची सर्वांत खालची फांदी खरवडली तर आत हिरवं होतं, ओलसर. मी तशीच उकिडवी बसून राहिले.

६ मे

आज कळलं.

ऑफिसात दुपारी लाइट गेली, जनरेटर बंद पडला, साहेबांनी सोडलं. रिक्षानं घरी आले. घर उघडं, आत्याबाई खाली नाहीत. मी चपला न काढता जिना चढले.

त्या जाळीखाली वाकून तांब्यातून झाडाला पाणी घालत होत्या. डोक्यावर पदर, तोंड उन्हानं लाल. कुंडीतून पाणी वाहून फरशीवर आलं होतं. त्या झाडाला काहीतरी सांगत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, "पंचवीस तारखेपर्यंत तरी तग धर बाबा."

पंचवीस तारीख, म्हणजे डोहाळजेवण.

"काय करून राह्यलात?" मी विचारलं.

त्यांच्या हातातला तांब्या निसटला. "पाणी," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"वर आणलं तेव्हापासून. दुपारी एक तांब्या, चार वाजता एक. लई ऊन असलं तर आणखी एक. तू सकाळी एवढंसं घालती. एवढ्याशा पाण्यावर उन्हाळ्यात काय जगंल?"

"मला सांगितलं का न्हाई?"

"तुला कसं सांगू? सगळ्यांसमोर मीच नको म्हणाले होते त्याला."

मग मी बोलले. खूप बोलले. मुळं सडली, तुम्ही मारलं याला, रोज थोडं थोडं. काकूंच्या समोर एक आणि माझ्या मागं एक. त्यांनी पडलेला तांब्या उचलून कठड्यावर ठेवला. शेवटी म्हणाल्या, "वाळलं असतं तर लोक तुलाच बोलले असते. हिच्या हाताला काही लागत न्हाई म्हणले असते. अन् रेणूच्या कार्यक्रमात तुला बाजूला बसवलं असतं. म्हणून घालत होते."

मी खाली येऊन दार लावून घेतलं. माझ्या हातावर या घरात कुणाचाच भरवसा नाही, हेच त्यातून मला कळलं. त्यांचाही नाही.

मात्र जेवायला हाक मारली तेव्हा गेले. त्यांनी माझ्यासाठी वरणात लिंबू पिळून ठेवलं होतं.

७ मे

उन्हाळ्यात जुनिपरची कुंडी बदलू नये असं सगळीकडं लिहिलंय. पण सडक्या मुळांवर पावसाची वाट बघत बसण्यात काय अर्थ. रजा टाकली.

आधी खोडाभोवतीचे पांढरे खडे काढायला गेले तर ते निघेनात. डिंकानं चिकटवलेले. विकणाऱ्याचं काम, दिसायला छान म्हणून. हरिओमच्या पेचकसानं एकेक खडा उचकटला. झाड काढलं तर खाली काळा चिखल आणि कुजका वास. कुंडीच्या भोकात ढेकूळ अडकून बसलं होतं, पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. खालची मुळं बोटात धरली की साल निसटून हातात येत होती. वर मात्र एका बाजूला मूठभर मुळं पांढरी होती, ताठ.

म्हणजे पाणी एकट्या आत्याबाईंचं नव्हतं. खडे माझ्या डोळ्यांसमोर होते. भोक मी एकदाही तपासलं नाही. प्रितमदादांनी सांगितलं ते मी ऐकलं नाही.

सडकं सगळं कापलं. भाजलेल्या विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडं शेणखत एकत्र केलं. विटा फोडताना मागं आवाज आला. आत्याबाई चाळणी घेऊन उभ्या होत्या. "बारीक नको ना यात?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्या उकिडव्या बसून चाळू लागल्या. दुपार झाली तरी चुरा संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग कुंडीचं भोक मोकळं करून झाड पुन्हा लावलं.

सायंकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं, माझी चूकसुद्धा. प्रितमदादांनी लिहिलं, "आता त्याच्यावर सोडा."

१९ मे

सोडलं नाही. रोज बघते. तपकिरी आणखी वाढलं नाही, हिरवंही वाढलं नाही. अर्ध्याहून जास्त झाड मेलेलं आहे आणि उरलेलं काही सांगत नाही.

आज गिरिजाकाकू तयारी बघायला आल्या. गच्चीवर मांडव कुठं, बायका कुठं बसतील, झोपाळा कुठं टांगायचा. झाडापाशी थांबून आत्याबाईंना म्हणाल्या,

"हे अजून इथंच? उषा, मी सांगितलं होतं ना. रेणूच्या पोटात लेकरू आहे. अशा वाळक्या झाडासमोर तिची ओटी भरायची का?" मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अन् ओटी आधी लेकुरवाळ्यांनी भरावी. बाकीच्यांनी मंग."

बाकीच्या म्हणजे मी.

मी म्हणाले, "झाड इथंच राहील काकू. मीही इथंच असेन."

"उषा, ऐकून राह्यली का सुनेचं?"

आत्याबाई दोरी मोजत होत्या. म्हणाल्या, "ऐकलं." आणि दोरी मोजत राहिल्या. कुणाच्या बाजूनं ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला आता त्यांच्याकडून काही नको आहे. मी एकटी पुरेशी आहे.

२५ मे

झालं. पाय सुजले आहेत, तरी लिहिते.

गच्ची भरली होती. नवीन जालन्यातल्या शेजारणी, गावाकडच्या बायका, रेणूच्या सासरची मंडळी. रेणू हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर. हसली की गालाला खळी, लहानपणीच्या फोटोत आहे तशीच.

काकूंनी आल्या आल्या हरिओमला बोलावलं. "ते झाड खाली नेऊन ठेव."

हरिओमनं कुंडी उचलली. माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. दोन्ही हातांत कुंडी धरून तो बायकांच्या मधोमध तसाच उभा राहिला. मला त्याची दया आली आणि चीडही आली.

आत्याबाई लाडूचं ताट घेऊन चालल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "जिथं होतं तिथं ठेव हरी. जाळीखाली. ऊन लागंल त्याला."

त्यानं ठेवलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं.

ओटी भरायची वेळ आली. काकूंनी नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव रेणूच्या मोठ्या जावेचं, तिला दोन मुलं. ती उठायच्या आत मी उठले. खण, नारळ, गहू मी सकाळीच वेगळे काढून ठेवले होते. ताट उचललं आणि झोपाळ्यापाशी गेले.

"साधना, जरा थांब," काकू म्हणाल्या. "तू मागून भर."

बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. स्पीकरवरचं गाणं तेवढं चालू होतं.

"मागून न्हाई काकू," मी म्हणाले. ताट खाली ठेवलं नाही. "हे घर माझं आहे. रेणू या घरची लेक, मी तिची वहिनी. तिची पहिली ओटी मी भरणार. माझी दोन लेकरं राहिली न्हाईत, पण मी आई झाले होते. ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत न्हाई."

रेणूनं साडीचा पदर दोन्ही हातांनी पुढं पसरला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "भर वहिनी. जल्दी भर, मला भूक लागली."

बायका हसल्या. माझ्या हातात कुंकवाचा करंडा नव्हता, तो विसरला होता. मागून कुणीतरी पुढं केला. वळून पाहिलं तर आत्याबाई. त्यांनी झाकण उघडून धरलं होतं.

मी कुंकू लावलं. पाच वेळा ओंजळीनं गहू घातले. पाचव्या वेळी मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

काकू जेवल्या नाहीत. घरी जाते म्हणाल्या. आत्याबाईंनी त्यांना डबा बांधून दिला.

२७ मे

मंडळी गेली, मांडव उतरला. हरिओम सकाळी मोंढ्यात जाताना म्हणाला, "परवा मी ते उचलायला नको होतं." मी म्हटलं, नको होतं. तो अजून थोडा थांबला. मग म्हणाला, "डिसेंबरात मी पण रडलो. गोडाऊनमध्ये." आणि गाडी सुरू करून गेला. पाच महिने मला हे माहीत नव्हतं. दिवसभर ते डोक्यात घोळतंय. संध्याकाळी विचारीन.

दुपार उतरल्यावर मी कात्री घेऊन गच्चीवर बसले. मेलेलं काढायला हवं होतं. शेंडा, डावी फांदी, मधल्या दोन. एवढं काढल्यावर झाड राहील ते केवढं, वाकडं, एका बाजूचं. कात्री हातात घेऊन बसून राहिले.

आत्याबाई वर आल्या. रिकाम्या हातानं. बाजूला बसून त्यांनी कुंडी दोन्ही तळव्यांत घट्ट धरली, कापताना हलू नये म्हणून.

"त्याला दुखत असंल का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. वाळलेलंच कापायचंय."

"मंग काप. घाबरू नको."

मी शेंडा कापला. मग डावी फांदी. कट्ट आवाज होऊन ती फरशीवर पडायची आणि आत्याबाई पायानं बाजूला सारायच्या. शेवटी खालची एक फांदी उरली. तिच्या टोकाला पोपटी रंगाचा ठिपका होता, मोहरीएवढा. आधी मला वाटलं कुरडईचा चुरा चिकटलाय. नखानं हलवून पाहिला. हलला नाही.

मी कुंडी उचलून पुन्हा टाकीमागं ठेवायला निघाले.

"मागं कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन तर पुढं पण येतं. तिथं कठड्यापाशी ठेव, गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल."

"लोक बोलतील, आत्याबाई."

"बोलू दे," त्या म्हणाल्या, आणि जाळी कठड्यापाशी न्यायला तिची दोरी सोडू लागल्या.